कोणता भास्कर? संशोधकाच्या ओळखक्रमांकाचा मागोवा

इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातील रोम. चपला करणाऱ्यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या एका गल्लीत तेव्हा पुस्तकविक्रेत्यांची दाटी झाली होती. एकदा तिथे एका ग्रंथावरून वाद जुंपला. त्यावर कर्ता म्हणून ‘वैद्य गॅलेन’ असे नाव होते. एका सुशिक्षित गृहस्थाने तो उघडला, पहिल्या दोन ओळी वाचल्या आणि बाजूला टाकला. ही भाषा गॅलेनची नव्हे, नाव खोटे आहे, असा त्याचा निर्वाळा होता. गल्लीतला हा प्रसंग स्वतः गॅलेनने पाहिला आणि पुढे ‘माझ्या स्वतःच्या ग्रंथांविषयी’ या छोट्या पुस्तकाच्या आरंभी लिहून ठेवला. त्याची तक्रार दुहेरी होती. इतरांचे लेखन त्याच्या नावावर विकले जात होते. शिवाय शिष्यांना आणि मित्रांना त्याने बिननावाने दिलेली टिपणे भलत्यांच्याच नावावर, तीही काटछाट होऊन, फिरत होती. तेव्हा माझे कोणते आणि माझे नव्हे ते कोणते, याची यादी त्याने स्वतःच केली. ज्ञानव्यवहारात कर्त्याने आपल्या कामाची नोंद स्वतःच्या हाती घेतल्याचे इतके स्पष्ट जुने उदाहरण विरळाच. आज जगभरचे संशोधक आपल्या नावापुढे सोळा अंकांचा एक क्रमांक लिहितात. त्या क्रमांकापर्यंत आलेली वाट आपण या गल्लीपासून चालू लागलो, तर ती अठरा शतकांहून लांब भरते.

गॅलेनच्याही आधी हा प्रश्न ग्रंथपालांना भेडसावत होता. इसवी सनपूर्व तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रियाच्या ग्रंथसंग्रहाच्या आधारे कॅलिमॅकसने ‘पिनाकेस’ नावाची सूची रचली. ती १२० खंडांची होती असे परंपरा सांगते. तीत ग्रंथांबरोबर कर्त्यांची चरित्रात्मक माहितीही होती, कारण नुसत्या नावावरून माणूस ठरत नाही हे त्याला उमगले होते. त्यानंतर सुमारे दोन शतकांनी मॅग्नेशियाच्या डेमेट्रियसने या एकाच अडचणीवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. त्याचा विषय होता एकाच नावाचे अनेक कवी आणि लेखक. तो ग्रंथ आज उपलब्ध नाही. मात्र डायोजिनीस लेर्शियसने तत्त्वज्ञांची चरित्रे लिहिताना त्याचा आधार घेतला, आणि चरित्राच्या शेवटी त्याच नावाच्या इतरांची यादी देण्याची त्याची पद्धत आपल्याला आजही वाचता येते. नामसाधर्म्याचा उलगडा हे विद्वत्तेचे एक वेगळे काम आहे, असे मानणारा डेमेट्रियस आज जवळजवळ विस्मृतीत गेला आहे. या मागोव्यात मात्र त्याला मानाचे स्थान द्यावे लागते.

आता आपण भारताकडे वळू. येथे ग्रंथकारांनी ओळख श्लोकातच गुंफली. कलियुगाची ३६०० वर्षे सरली तेव्हा मी तेवीस वर्षांचा होतो, असे आर्यभटाने सांगितले. त्यावरून त्याचा जन्म इ. स. ४७६ चा ठरतो. भास्कराचार्यांनी शके १०३६, म्हणजे इ. स. १११४, हे आपले जन्मवर्ष दिले आणि छत्तिसाव्या वर्षी ‘सिद्धान्तशिरोमणी’ रचल्याचे नोंदवले. गोत्र, पित्याचे नाव आणि सह्याद्रीच्या परिसरातले आपले गावही त्यांनी सांगितले. त्यांच्या नातवाने, यादव राजा सिंघणाच्या पदरी असलेल्या चांगदेवाने, भास्करांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापला. त्याचा शिलालेख चाळीसगावजवळ पाटणे येथे आहे. १२०७ सालच्या या लेखात भास्करांच्या आधीच्या आणि नंतरच्या पिढ्यांची नावे ओळीने कोरलेली आहेत. एकोणिसाव्या शतकात मुंबईच्या डॉ. भाऊ दाजी लाड यांनी हा लेख अभ्यासकांपुढे आणला.

इतकी काळजी घेऊनही घोटाळे टळले नाहीत. भास्कर दोन होते. पहिल्याने इ. स. ६२९ मध्ये ‘आर्यभटीया’वर भाष्य लिहिले, तर दुसऱ्याने पाच शतकांनंतर ‘लीलावती’ रचली. ‘दोन भास्कर’ या १९३० मधल्या लेखात बिभूतिभूषण दत्त यांना हा भेद नीट मांडून दाखवावा लागला. आर्यभटही दोन होते. अकराव्या शतकात भारतविद्येवर लिहिताना अल-बिरुनीचा या नावापाशी गोंधळ झाला, आणि तो निस्तरण्याच्या कामात १८६५ च्या सुमारास भाऊ दाजींचा आणि पुढे शंकर बाळकृष्ण दीक्षितांचा मोठा वाटा होता. दीक्षितांचा ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ हा मराठी ग्रंथ १८९६ मध्ये प्रसिद्ध झाला. आज आपण सहजपणे ‘पहिला आर्यभट’, ‘दुसरा आर्यभट’ म्हणतो. नावाने काम भागेना, तेव्हा विद्वानांनी माणसाला क्रमांक जोडला, हे त्यातून दिसते. संतवाङ्मयातही हेच घडले. नामदेवांच्या गाथेत सोळाव्या शतकातल्या विष्णुदास नामाचे अभंग मिसळले, आणि शेवटच्या चरणातल्या नाममुद्रेवरून त्यांची विभागणी करताना अभ्यासकांच्या पिढ्या खपल्या. नाममुद्रा ही कवीने काव्यातच ठेवलेली सही खरी, पण दुसऱ्या कोणालाही ती वापरता येत असे.

अल-बिरुनीच्याच शतकात बगदादमध्ये या शास्त्राने मोठी उंची गाठली. पैगंबरांची वचने कोणाकडून कोणाकडे आली, याची साखळी तपासणाऱ्या हदीस-विद्वानांना प्रत्येक निवेदकाची खात्री करून घ्यावी लागे. एका नावाचे दोन निवेदक असतील, त्यांतला एक विश्वासू आणि दुसरा नसेल, तर साखळीची किंमत त्या भेदावर ठरे. अल-खतीब अल-बगदादी (मृत्यू १०७१) याने समान नावांच्या निवेदकांवर स्वतंत्र ग्रंथ रचला. पित्याचे नाव, आजोबांचे नाव, गाव, टोळी, व्यवसाय, गुरू आणि शिष्य असे एकेक विशेषण जोडत ओळख पक्की करण्याची ही रीत होती. येथे आपल्याला या साऱ्या इतिहासाचे मर्म सापडते. ओळखीचा प्रश्न केवळ श्रेयाचा नसतो. विधान कोणाचे आहे हे कळल्याशिवाय त्यावर किती भरवसा ठेवावा हेही कळत नाही.

छपाईने ग्रंथ वाढले, तशी नावांची गर्दीही वाढली. झुरिकच्या कॉनराड गेस्नरने १५४५ मध्ये लॅटिन, ग्रीक आणि हिब्रू ग्रंथकारांची विश्वसूची छापली. ती त्याने पहिल्या नावांनुसार लावली आणि आडनावांवरून शोधण्यासाठी वेगळी यादी जोडली. आडनाव हे माणूस शोधण्याचे मुख्य साधन अजून व्हायचे होते, हे त्यातून कळते. १६६५ मध्ये लंडनला ‘फिलॉसॉफिकल ट्रान्झॅक्शन्स’ सुरू झाले, तेव्हा त्याचा संपादक हेन्री ओल्डेनबर्ग बहुतेक विद्वानांना प्रत्यक्ष किंवा पत्रव्यवहारातून ओळखत असे. विद्वानांचे जग एका चिटणिसाच्या पत्रपेटीत मावत होते, तोवर क्रमांकाची गरज नव्हती. एकोणिसाव्या शतकात ते मावेनासे झाले. ब्रिटिश म्युझियमच्या सूचीसाठी अँटोनियो पॅनिझी आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे ९१ नियम १८४१ मध्ये छापले गेले. १८७६ मध्ये चार्ल्स कटर या अमेरिकन ग्रंथपालाने सूचीचे एक कर्तव्यच ठरवून दिले: एका लेखकाचे ग्रंथालयात जे जे आहे ते एकत्र दिसले पाहिजे. त्यासाठी प्रत्येक लेखकाच्या नावाचे एक अधिकृत रूप ठरवणे, इतर रूपांवरून त्याकडे निर्देश करणे आणि नामसाधर्म्य असेल तेथे जन्ममृत्यूची वर्षे जोडणे, ही शिस्त ग्रंथालयांत रुजली. संस्कृत ग्रंथकारांसाठी हेच काम थिओडोर आउफ्रेख्टने ‘कातालोगुस कातालोगोरुम’च्या १८९१, १८९६ आणि १९०३ मध्ये निघालेल्या तीन भागांत केले. १९३५ पासून मद्रास विद्यापीठाने त्याची नवी, विस्तारित आवृत्ती हाती घेतली. पुण्याच्या भांडारकर संस्थेत परशुराम कृष्ण गोडे यांनी ग्रंथकारांचा काळ आणि त्यांची ओळख ठरवणारे शेकडो निबंध लिहिले. या साऱ्या प्रयत्नांत एक गोष्ट समान होती. ओळख ठरवणारा तिसराच कोणीतरी असे, आणि बहुधा लेखक हयात नसताना ती ठरे.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात चित्र पालटले. युजीन गारफील्डने १९५५ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात अवतरणसूचीची कल्पना मांडली आणि पुढच्या दशकात ती प्रत्यक्षात आणली. कोणत्या निबंधाने कोणत्या निबंधाचा आधार घेतला, हे आता मोजता येऊ लागले. या सूच्यांत लेखक म्हणजे आडनाव आणि आद्याक्षरे, एवढेच असे. वैद्यकाच्या मेडलाइन सूचीतही लेखकांची पूर्ण नावे २००२ पासून येऊ लागली. तोवर एस. जोशी आणि एस. कुलकर्णी नावाचे कितीतरी लोक एकाच ओळीत नांदत होते. २००५ मध्ये जॉर्ज हर्श या भौतिकशास्त्रज्ञाने एका आकड्यात संशोधकाची कामगिरी सांगणारा एच-निर्देशांक सुचवला. नेमणूक, बढती आणि अनुदान अशा आकड्यांवर ठरू लागले. तेव्हापासून नावांची गल्लत माणसाच्या उपजीविकेवर येऊ लागली.

या व्यवस्थेचा साचा युरोपीय आडनावाचा होता आणि उरलेल्या जगाला तो नीट बसत नव्हता. भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक शियाळी रामामृत रंगनाथन यांचेच उदाहरण घेऊ. शियाळी हे गाव, रामामृत हे वडिलांचे नाव आणि रंगनाथन हे त्यांचे स्वतःचे नाव. म्हणजे आडनाव मुळी नाहीच. चंद्रशेखर वेंकट रामन आणि सुब्रह्मण्यन चंद्रशेखर हे नोबेलविजेते नात्याने काका-पुतणे, पण सूचीत ते एकमेकांचे कोणीच लागत नाहीत. महाराष्ट्रात विवाहानंतर आडनाव, वडिलांच्या नावाची जागा आणि कधी स्वतःचे नावही बदललेल्या संशोधिकांच्या कामाचे सूचीत दोन तुकडे पडले. चौधरी हे एकच आडनाव रोमन लिपीत निदान चार प्रकारे लिहिले जाते. चीनची अडचण तर याहून मोठी होती. वांग, ली आणि झांग ही तीनच आडनावे पंचवीस कोटींहून अधिक लोक लावतात, आणि रोमन लिपीत येताना स्वरभेद व चित्राक्षरे गळून पडतात. २००७ च्या डिसेंबरात अमेरिकन फिजिकल सोसायटीच्या संपादकीयाचा प्रश्नच होता, हा वेई वांग कोणता? वेगवेगळ्या चित्राक्षरांत लिहिली जाणारी आठ नावे रोमन लिपीत ‘वेई वांग’ होत होती. त्या संस्थेने चिनी, जपानी आणि कोरियन लेखकांना आपले नाव स्वतःच्या लिपीतही छापण्याची मुभा दिली. चांगली, पण अपुरी अशी ही पायरी होती.

एकाच माणसाची अनेक नावे, ही या प्रश्नाची दुसरी बाजू. गोव्यात जन्मलेले दामोदर धर्मानंद कोसंबी हे त्याचे आपल्या जवळचे उदाहरण. गणित, संख्याशास्त्र, नाणकशास्त्र, संस्कृत पाठचिकित्सा आणि प्राचीन इतिहास अशा दूरदूरच्या प्रांतांत त्यांनी मूलभूत काम केले. १९३१ मध्ये त्यांनी एका गणिती निबंधात बुर्बाकी या काल्पनिक रशियन गणितज्ञाच्या प्रमेयाचा आधार घेतला. पुढे फ्रेंच गणितज्ञांच्या गटाने बुर्बाकी हेच सामूहिक टोपणनाव घेऊन जगभर कीर्ती मिळवली. अखेरच्या वर्षांत कोसंबींनी काही गणिती निबंध एस. ड्युक्रे या नावाने छापले. आज कोसंबींचे समग्र कार्य पाहू इच्छिणाऱ्याला ड्युक्रे म्हणजे तेच, हे बाहेरून कळावे लागते. यंत्राने चाळलेल्या सूचीला हे कधीच कळले नसते.

दरम्यान वस्तूंना क्रमांक मिळत होते. ब्रिटनमध्ये १९६७ मध्ये पुस्तकांना नऊ अंकी क्रमांक लागला आणि १९७० मध्ये त्याचे आयएसबीएन हे आंतरराष्ट्रीय मानक झाले. नियतकालिकांसाठी आयएसएसएन आला. २००० मध्ये क्रॉसरेफ ही प्रकाशकांची संस्था उभी राहिली आणि निबंधागणिक डीओआय मिळू लागला. संकेतस्थळाचा पत्ता बदलला तरी डीओआय नव्या जागी नेऊन पोचवतो. पुस्तकाला क्रमांक मिळाला, लेखाला मिळाला, लिहिणाऱ्याला मात्र नाही, अशी ही अवस्था होती. ती भरून काढण्याचे पहिले प्रयत्न वेगवेगळ्या कोपऱ्यांत झाले. अर्थशास्त्रज्ञांच्या रेपेक या सूचीने नव्वदच्या दशकाच्या अखेरीस लेखकांना स्वतः नोंदणी करून आपले निबंध निवडण्याची सोय दिली. ब्राझीलने १९९९ मध्ये राष्ट्रीय पातळीवर संशोधकांची नोंदवही उघडली आणि तिला सेझार लातेस या भौतिकशास्त्रज्ञाचे नाव दिले. पायॉन कणाच्या १९४७ मधल्या शोधनिबंधाच्या लेखकांत लातेस होते, पण १९५० चे नोबेल पारितोषिक एकट्या सेसिल पॉवेल यांना मिळाले. श्रेयाची नोंद ठेवणाऱ्या वहीला याहून समर्पक नाव मिळाले नसते. मग व्यापारी सूचीकारांचे क्रमांक आले: स्कोपसने यंत्राकरवी दिलेले आणि थॉमसन रॉयटर्सने २००८ मध्ये सुरू केलेला रिसर्चरआयडी. प्रत्येक कुंपणाच्या आत वेगळा क्रमांक, आणि कुंपणे खासगी मालकीची.

निर्णायक वळण २००९ च्या नोव्हेंबरात आले. थॉमसन रॉयटर्स आणि नेचर पब्लिशिंग ग्रुप यांच्या पुढाकाराने अमेरिकेतील केंब्रिजमध्ये बैठक झाली, आणि कोणा एकाच्या मालकीचा नसलेला क्रमांक असावा, असा विचार तिथे दृढ झाला. २०१० मध्ये ना-नफा संस्था नोंदवली गेली. ‘ओपन रिसर्चर अँड कॉन्ट्रिब्युटर आयडी’ या नावाचे लघुरूप ऑर्किड. १६ ऑक्टोबर २०१२ रोजी तिची नोंदवही सर्वांसाठी खुली झाली. लेखक, चित्रपटकार, गायक अशा सर्व निर्मात्यांसाठी त्याच वर्षी आयएसएनआय हे आंतरराष्ट्रीय मानक आले होते. ऑर्किडने त्याच रचनेतला एक राखीव पट्टा घेतला, त्यामुळे दोन्हींचे क्रमांक एकमेकांवर आदळत नाहीत. नमुन्याचा क्रमांक जोसाया कार्बेरी यांचा: ००००-०००२-१८२५-००९७. १९२९ मध्ये ब्राउन विद्यापीठाच्या सूचनाफलकावर अवतरलेले हे प्राध्यापक पूर्णपणे काल्पनिक आहेत. या क्रमांकातला शेवटचा ७ आधीच्या पंधरा अंकांवरून ठराविक रीतीने काढलेला आहे. लिहिताना एखादा अंक चुकला तर हिशेब जुळत नाही आणि चूक तिथेच पकडली जाते. हिशेब दहा आला, तर शेवटी एक्स हे रोमन अक्षर लागते. क्रमांकात देश, जात, लिंग, विद्यापीठ, वय यांची कोणतीही खूण नाही. बगदादच्या विद्वानांनी विशेषण जोडून ओळख पक्की केली. येथे सगळी विशेषणे काढून टाकून ती स्थिर केली आहे.

ही व्यवस्था चालते ती अशी. संशोधक स्वतः, विनामूल्य, नोंदणी करतो. आपली सर्व नावे, जुनी, नवी आणि वेगळ्या लिपीतली, तो एका क्रमांकाखाली लिहू शकतो. आपली कोणती माहिती कोणाला दिसावी, हेही तोच ठरवतो. निबंध पाठवताना प्रकाशक क्रमांक विचारून घेतो, निबंधाच्या डीओआयला तो जोडतो, आणि २०१५ पासून परवानगी दिलेल्यांच्या नोंदीत छापून आलेले काम आपोआप येऊन पडते. २०१६ च्या जानेवारीत रॉयल सोसायटीने आपल्या लेखकांना हा क्रमांक सक्तीचा केला. ओल्डेनबर्गच्या नियतकालिकाची प्रकाशक असलेली हीच संस्था. त्याच महिन्यात आणखी काही प्रकाशकांनी तसे करण्याचे जाहीर केले. २०१४ च्या अखेरीस दहा लाख असलेल्या नोंदी २०२० च्या अखेरीस एक कोटीवर गेल्या. नावातल्या ‘कॉन्ट्रिब्युटर’ या शब्दालाही अर्थ आहे. माहितीसंच तयार करणारा, संगणक प्रणाली लिहिणारा, इतरांचे निबंध परीक्षणासाठी वाचणारा, अशांचे एरवी अदृश्य राहणारे काम येथे नोंदवता येते.

या वाटेवर काही सावधपण हवे. ऑर्किड माणसाची कागदपत्रे तपासत नाही, त्यामुळे स्वतः लिहिलेली नोंद आणि विद्यापीठाने किंवा प्रकाशकाने पाठवलेली नोंद यांत वाचणाऱ्याने फरक केला पाहिजे. क्रमांक म्हणजे गुणवत्तेचे प्रमाणपत्रही नव्हे. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, टिकाऊपणा अंकांत नसतो. तो नोंदवही सांभाळणाऱ्या संस्थेने दिलेल्या वचनात असतो. चांगदेवाचा मठ टिकला नाही, शिळा टिकली. संगणकीय नोंदीला शिळेचे आयुष्य नाही, तिला मठच हवा. ऑर्किडचा खर्च विद्यापीठे, ग्रंथालये, प्रकाशक आणि अनुदानसंस्था सभासद म्हणून उचलतात आणि सार्वजनिक नोंदींची प्रत दरवर्षी सर्वांसाठी खुली केली जाते, हे म्हणूनच मोलाचे आहे. उद्या संस्था डगमगली तरी नोंदी कोणा एकाच्या तिजोरीत अडकणार नाहीत.

भारतात गांधीनगरच्या इन्फ्लिबनेटने ‘विद्वान’ ही राष्ट्रीय नोंदवही उभी केली आहे आणि तीत ऑर्किड क्रमांक जोडण्याची सोय आहे. तरीही मराठीतून इतिहास, समाजशास्त्र, लोकसाहित्य यांवर लिहिणाऱ्या अभ्यासकांचे काम या जाळ्यात फारसे दिसत नाही. बऱ्याच मराठी नियतकालिकांतील लेखांना डीओआय नसतो, त्यामुळे ते आपोआप नोंदीत येत नाहीत. एका मराठी संशोधिकेचे इंग्रजी निबंध माहेरच्या नावाने, मराठी ग्रंथ सासरच्या नावाने आणि संपादने संस्थेच्या नावाने निघालेली असतील, तर जगाच्या सूचीत ती तीन ठिकाणी विखुरलेली राहते. ती स्वतः हयात असताना, स्वतःच्या हाताने, हे सारे एका क्रमांकाखाली मांडू शकते. ही संधी भास्कराचार्यांना नव्हती, विष्णुदास नामाला नव्हती. आपल्या विद्यापीठांनी नव्या संशोधकाला प्रवेश देतानाच ही नोंद करून द्यावी, मराठी नियतकालिकांनी एकत्र येऊन लेखांना डीओआय घ्यावेत, आणि ज्येष्ठ अभ्यासकांच्या नोंदी भरायला ग्रंथपालांनी मदत करावी. आपण जे लिहिले ते आपले आहे, असे सांगणाऱ्याला त्याचे श्रेय मिळते, आणि त्यात चूक निघाली तर तिचे उत्तरही त्यालाच द्यावे लागते. गॅलेनने ही दोन्ही ओझी राजीखुशीने उचलली होती. आज ती उचलण्याचे साधन प्रत्येक संशोधकाच्या हाती विनामूल्य आले आहे. ते न वापरता पुढच्या पिढीतल्या कोणा दीक्षितांना, कोणा गोड्यांना आपली ओळख शोधत बसवण्याचे कारण उरलेले नाही.